हसऱ्या मुखपृष्ठांची भिंत

दसरा झाला की आमच्या चौकातला पेपरवाला दोन स्टुलांवर एक फळी टाकतो आणि तिच्यावर दिवाळी अंक मांडायला लागतो. आधी दोनचार, मग ओळीनं, मग एकावर एक. खराडीच्या या भागात मराठी अंक विकत घेणारे किती असतील कोण जाणे. आयटीतली मुलं गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून त्याच्यासमोरून चहाला जातात, एखादी मुलगी थांबून फोटो काढते आणि पुढं जाते. अंक मात्र येतात. दुपारचं ऊन त्या गुळगुळीत कागदावर पडतं आणि लांबूनसुद्धा डोळ्यांवर तिरीप येते. पाऊस गेल्यानंतरचं ते चिकट, बिनवाऱ्याचं ऊन, आणि त्यात नव्या शाईचा वास. या वासानं लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला आमच्या येरवड्याच्या घराची बाहेरची खोली आठवते, आणि तिथं हातात हातोडी घेऊन भिंतीसमोर उभे असलेले माझे वडील.

येरवड्याचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे मोरी आणि मागचं दार, पुढे खाट जेमतेम मावेल एवढा व्हरांडा. रंगीत टीव्ही यायच्या आधीचे दिवस. भिंतींना दरवर्षी चुना, दारांना सरकारी हिरवा रंग. आमच्या घरात खरा रंग होता तो माझ्या धाकट्या भावाच्या, अविनाशच्या, कपाटात. अवी चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. मी बी.एड. करत होते. त्याला जुन्या मासिकांची मुखपृष्ठं जमवायचा नाद होता. रविवारी तो जुन्या बाजारात जायचा आणि गंजक्या कुलपांच्या, मोडक्या पंख्यांच्या ढिगाऱ्यांतून मासिकांचे गठ्ठे उपसून आणायचा. मग व्हरांड्यात मांडी घालून बसायचा आणि मुखपृष्ठ तेवढं पिनांमधून सोडवून घ्यायचा. आतल्या कथा, राशिभविष्य, केसांच्या तेलाच्या जाहिराती, सगळं बंबात जायचं. त्या वर्षी आमच्या अंघोळीचं पाणी साहित्यावर तापत होतं.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, ते सहन व्हायचं नाही. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. जूनमध्ये आमच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालताना ते कोपरे असे दुमडायचे की वर्षभर हलायचे नाहीत. ते म्हणायचे, फळ टाकून साल जपणारा हा पहिलाच पाहिला. अवी हसायचा. अप्पांचं बोलणं त्याला कधी लागायचं नाही, आणि लागत नाही म्हणून अप्पांना पुन्हा बोलावंसं वाटायचं. बापलेकांचं नातं त्या बोलण्यात आणि त्या हसण्यात नीट चाललं होतं.

कपाटाच्या दाराच्या आतून त्यानं निवडक चित्रं टाचली होती. बाकीची जुन्या चादरीत बांधलेली. एका चित्रात वाऱ्यानं पदर उडालेली तरुणी पणती हातांनी आडोसा करून धरते आहे, आणि उजेड तिच्या बोटांमधून लालसर होऊन बाहेर येतो आहे. दुसऱ्यात पोस्टमन सायकलला आकाशकंदील टांगून निघाला आहे आणि गल्लीतली सगळी कुत्री त्याच्या मागे. एक गलेलठ्ठ गृहस्थ, नवा कोट घातलेला, आणि कोटाच्या खिशातून लोंबणारं उंदराचं शेपूट. शिवाय ती खिडकीवाली मुखपृष्ठं. विनोदी अंकांची ती खास गंमत होती. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापलेली असायची आणि तिच्यातून आतल्या चित्राचा एक तुकडा दिसायचा. खिडकीतून बघावं तर लाटणं उगारलेली बायको आणि भेदरलेला नवरा. पान उलटावं तर लाटणं उंदरावर उगारलेलं, आणि नवरा खुर्चीवर चढून धोतर सावरतोय. अवी ते पान पुन्हा पुन्हा उलटायचा. मला म्हणायचा, ताई, ही दिवाळी उन्हाळ्यात काढलेली असते, छपाईला वेळ लागतो ना. म्हणजे घामानं निथळत बसून त्या चित्रकारानं ही थंडी रंगवली. बघ, बाईच्या दंडावर काटा आलाय.

मी बघायचे. काटा मला दिसायचा नाही, पण हो म्हणायचे.

त्या वर्षी श्रावणापासून अवी आमच्या भागातल्या गणपती मंडळाचा देखावा रंगवत होता. मांडवातच खायचं, मांडवातच झोपायचं, पत्र्याच्या टाकीतलं पाणी प्यायचं. गणपती बसले आणि त्याला ताप भरला. जेवण जाईना. एका सकाळी तो नळावर तोंड धुवत असताना आईनं त्याची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे फिरवला. डोळे हळदीसारखे झाले होते.

आईचं म्हणणं होतं, मोठ्या दवाखान्यात नेऊ. अप्पांच्या कचेरीतल्या एका माणसाचा मुलगा आदल्या वर्षी काविळीतून बरा झाला होता तो लोणी काळभोरच्या पुढच्या एका मळ्यात औषध घेऊन. दवाखान्यात काविळीला औषधच नसतं, नुसतं ग्लुकोज चढवतात, असं त्या माणसानं अप्पांना सांगितलं. अप्पा भाबडे नव्हते. पण ज्यानं सांगितलं त्याचा मुलगा डोळ्यांसमोर धडधाकट फिरत होता, आणि एवढा पुरावा आपल्याला पुरतो. अप्पा अवीला एसटीनं लोणीला घेऊन गेले. पहिल्या खेपेला मीही होते. उसाच्या कडेनं पायवाट, गोठ्याशेजारी बाज, बाजेवर औषध देणारे म्हातारे. त्यांनी कसला तरी पाला वाटून दुधातून दिला. मग अवीचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं पिवळं होत गेलं. म्हातारे म्हणाले, घाबरायचं काम नाय, तीन खेपंत उतरंल. अप्पा त्या परातीकडे बघत होते. इतकं पिवळं पाणी बाहेर पडताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून दिसते. परतताना एसटीत अवी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला आणि अप्पांनी खिडकीची काच त्याला वारा लागू नये म्हणून हातानं दाबून धरली. पुण्यापर्यंत.

आई रोज विचारायची. अप्पा म्हणायचे, एक खेप राहिली, मग बघू. शेवटची खेप झाली त्या संध्याकाळी अवी बरळायला लागला. मला ओळखेना. मांडवातल्या मुलांना हाका मारत होता, निळा संपलाय म्हणून सांगत होता. रिक्षानं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? आईनं अप्पांकडे पाहिलं. एकदाच. मग ती अवीच्या पायांवर पांघरूण सारखं करू लागली.

अवी गेला तेव्हा पितृपक्ष लागला होता.

पुढचे दिवस घरात माणसं होती, त्यामुळे ते निघाले. पांढरी लुगडी, भिजवलेली कणीक, चुलत्यांचं हळू आवाजात बोलणं. तेरावं झालं, माणसं पांगली. नवरात्र आलं, आमच्याकडे घट बसले नाहीत. अप्पा कचेरीत जायला लागले, मी कॉलेजात. आई घरी एकटी. एका दुपारी रस्त्यावरून रद्दीवाला ओरडत गेला आणि आईनं त्याला हाक मारली. अवीच्या वह्या, जुने पेपर आणि चादरीत बांधलेली मुखपृष्ठं तिनं उचलून त्याच्या हातगाडीवर ठेवली. कपाटाच्या दारावरची चित्रंही काढून दिली. टाचण्या मात्र तिनं वेगळ्या काढून वाटीत ठेवल्या होत्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

मी घरी आले तेव्हा ती ओट्याशी बसली होती. मी कपाट उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. तिनं मला सांगितलं ते अगदी साध्या आवाजात. त्या चित्रांमध्ये सगळी हसतात, मला बघवेना.

संध्याकाळी अप्पा आले. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले, आणि काहीतरी हवं होतं म्हणून कपाट उघडलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी दार हळू लावलं, पुन्हा बूट घातले आणि मला म्हणाले, चल. आम्ही येरवड्याच्या बाजारातल्या रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार जेवायला निघाला होता, पण अप्पांचं केस काढलेलं डोकं पाहून थांबला. त्यानं दिवा लावला आणि ढीग दाखवला. अप्पा कचेरीच्या पँटीनिशी खाली बसले. पेपर, शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, तपासलेल्या उत्तरपत्रिका, त्यांतून एकेक मुखपृष्ठ ते ओढून काढत होते आणि मांडीवर सरळ करत होते. बरीच गेली होती. जाड कागदाची पुडी बांधता येत नाही, पण खोक्याच्या तळाला घालायला बरा पडतो म्हणून एका मिठाईवाल्यानं दुपारीच उचलून नेली होती. आम्ही मिठाईवाल्याकडे गेलो. त्याच्या मागच्या खोलीत दसऱ्यासाठी पेढ्यांची खोकी भरून ठेवलेली. त्यानं एक उघडून दाखवलं. तळाला कुठल्याशा बाईचं कपाळ होतं, तुपानं पारदर्शक झालेलं. अप्पांनी खोकं बंद करून परत दिलं.

मिळाली ती मुखपृष्ठं घेऊन आम्ही घरी आलो. अप्पांनी ती कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. आई वाढायला उठली. ते जेवले.

दुसऱ्या रविवारी अप्पा जुन्या बाजारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. गेलेली मुखपृष्ठं त्यांना पुन्हा मिळवायची होती. तीच नाही तर त्याच अंकांच्या दुसऱ्या प्रती. मला विचारायचे, ती मांजर कशावर बसली होती, कौलावर की चंद्रावर? मी आठवून सांगायचे. आठवण आणि अंदाज यांत मलाही फरक कळेनासा झाला होता. ऊन डोक्यावर घेत ते लोखंडाच्या ढिगाऱ्यांमधून फिरायचे. जुन्या पुस्तकांचे विक्रेते त्यांना ओळखायला लागले. कुणी सांगितलं की सदाशिव पेठेत अमक्यांच्या माळ्यावर जुने अंक आहेत, की अप्पा त्या अनोळखी जिन्यावर. एका ठिकाणी दार किलकिलं करून एक गृहस्थ म्हणाले, माळा आहे, वाचनालय नाही. अप्पा म्हणाले, मला वाचायचं नाहीच आहे. आणि त्यांना आत घेतलं गेलं.

अंक मिळाला की ते घरी आणायचे आणि व्हरांड्यात, जिथं अवी बसायचा तिथं बसून मुखपृष्ठ काढायचे. पुस्तकांना कव्हरं घालणारा तो माणूस पुस्तकांची कव्हरं काढत होता. पिना उचकटताना नखात गेल्या की बोट तोंडात घालायचे. आतला मजकूर मात्र ते बंबात घालत नसत. तो दोऱ्यानं बांधून खाटेखाली ठेवत. आमच्या घरात हळूहळू बिनचेहऱ्याच्या मासिकांची थप्पी वाढत गेली.

नाना पेठेत शब्बीरभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, मक्का-मदिना, सगळं तिथं एका भिंतीला टेकून ओळीनं वाट बघायचं. अप्पा पहिला गठ्ठा घेऊन गेले तेव्हा मी बरोबर होते. शब्बीरभाईंनी चित्रं टेबलावर पसरली, खुशीत आले, एकेकाकडे बघून हसले. म्हणाले, साहेब, दिवाळीचं डेकोरेशन वाटतं. अप्पांनी सांगितलं, मुलाची आहेत. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की शब्बीरभाईंनी मान खाली घातली आणि पट्टी घेऊन मापं घ्यायला सुरुवात केली. मग त्यांनी स्वतःहूनच सगळ्यांना एकसारखी काळी बारीक पट्टी लावली. मागे हार्डबोर्ड, पुढे काच, बरोबर वाळवी लागू नये म्हणून कसलंसं तेल.

बाहेरच्या खोलीची पूर्वेकडची भिंत अप्पांनी निवडली. स्वयंपाकघराच्या दारातून समोर दिसायची तीच. रोज कचेरीतून आले की एक चौकट लागायची. पणतीवाली तरुणी, पोस्टमन, कोटातला उंदीर. दिवाळी जवळ येत होती. शेजारीपाजारी भाजणीचे वास, चाळीच्या कठड्यांवर आकाशकंदील. आमच्याकडे त्या वर्षी तळण नव्हतं, कंदील नव्हता. पण घरात पाऊल टाकावं तर समोर पंधरा-वीस दिवाळ्या एकदम लागलेल्या. इतकी माणसं हसताना मी एका जागी कधी पाहिली नव्हती. रात्री दिवा मालवला तरी काचांवर रस्त्यावरचा उजेड पडायचा आणि कुणाचे तरी दात चमकायचे.

आई मागच्या दारानं ये-जा करायला लागली. भाजीला, देवळात, वाण्याकडे, सगळीकडे मोरीजवळून. बाहेरच्या खोलीतला केरही ती काढेना, तो मी काढायचे. पाहुणे आले तर आतूनच बोलायची. अप्पांना हे दिसत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते नवीन खिळा ठोकत होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी रिवाजाप्रमाणे फराळाचं ताट आणून दिलं. चकल्या, करंज्या, वर फडकं. आईनं ते ओट्यावर ठेवलं. बाहेर फटाके सुरू झाले होते. अप्पा खुर्चीवर चढून खिळा ठोकत होते. मी खाली चौकट धरून उभी होते. फटाक्यांमध्ये हातोडीचा आवाज वेगळा कळत नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली तेही आम्हाला कळलं नाही. ती पहिल्यांदाच त्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

ती म्हणाली, "ही भिंत तुम्ही मला रोज दाखवता. मी तुमच्यापाशी लोणीचं नाव एकदा तरी काढलं का?"

अप्पांचा हात वरच राहिला. मग ते खुर्चीवरून उतरले. उतरताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी हातोडी खिडकीत ठेवली.

"तुला दाखवायला नाही लावली," ते म्हणाले.

"मग कुणाला?"

बाहेर लवंगी माळ लागली आणि बराच वेळ वाजत राहिली. ती संपेपर्यंत आई थांबली. मग आत गेली आणि फराळाच्या ताटावरचं फडकं काढून आमची पानं वाढायला लागली. आम्ही तिघं जेवलो. करंजी तिघांनीही घेतली. सणाच्या दिवशी आलेलं गोड परतवत नाहीत.

मला वाटलं होतं की त्या संध्याकाळनंतर काहीतरी फुटेल, किंवा सुटेल. तसं होत नाही. बोललेला शब्द दोघांनी मिळून उचलून ठेवून दिला, जशी पाहुण्यांची भांडी धुऊन वर ठेवतात. अप्पांनी चौकटी लावणं बंद केलं नाही. फक्त खिळा ठोकायचा असला की आई देवळात गेली असताना ठोकायचे. आईनं पुढचं दार वापरायला सुरुवात केली नाही. लोणीचं नाव पुन्हा निघालं नाही. अप्पांनी काविळीवर लिहिलेलं कुठंही काही दिसलं की पान उलटायची सवय लावून घेतली. मी लग्न होऊन त्या घरातून निघाले तेव्हा दुसरी भिंतही भरत आली होती.

वर्षं गेली. माझी मुलगी झाली, शिकली, नोकरीला लागली, तिच्यासाठी आम्ही खराडीला आलो. अप्पा निवृत्त झाले आणि त्यांचा संग्रह चार लोकांना ठाऊक झाला. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात काही वाचकांनी हौसेनं प्रदर्शन भरवलं. चौकटी टेम्पोतून नेल्या, ओळीनं टांगल्या, खाली पांढरे पडदे. लोक आले. काय ती चित्रं, काय ते दिवस, म्हणत पुढं सरकत होते. मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. त्या चित्रांत काहीही वाईट होत नाही. उंदीर सापडतो, पणती विझत नाही, पोस्टमन सगळ्यांना चांगलीच पत्रं देतो. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे. त्यांना कुणी विचारलं की सुरुवात कशी झाली, तर म्हणायचे, झाली.

एक वयस्क गृहस्थ त्यांच्याजवळ येऊन म्हणाले, हे सगळे अंक आमच्याकडेही होते हो. बायकोनं रद्दीत घातले. बायकांना कळत नाही.

अप्पा म्हणाले, "बायकांना बोलू नका. घरात माणसांना जागा लागते."

गृहस्थ ओशाळून पुढं गेले. मी ते ऐकलं होतं. आई प्रदर्शनाला आली नव्हती. संध्याकाळी मी येरवड्याला गेले, ती मेथी निवडत बसली होती, आणि मी तिला अप्पांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिचा हात थांबला. असं म्हणाले, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिनं उरलेली जुडी सोडली आणि निवडायला घेतली. टेम्पोतून चौकटी परत आल्या, आणि अप्पांनी त्या होत्या तिथं, होत्या त्या खिळ्यांवर पुन्हा लावल्या.

अप्पा गेले ते एका हिवाळ्यात, सकाळी दूध तापत असताना. खुर्चीतच. आई मागच्या दारातून आत आली तेव्हा दूध उतू गेलं होतं. ती माझ्याकडे यायला तयार झाली नाही. भिंतीवरच्या चौकटी तिनं काढल्या नाहीत, काढायलाही सांगितल्या नाहीत. एक बाई कामाला येते, मी दोन दिवसांआड जाते. दरम्यान आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता हे फार उशिरा कळलं. तिला कडेनं कडेनं दिसेनासं होत गेलं असणार, पण तिनं सांगितलंच नाही. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, इतके दिवस कुठे होतात? आई हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी घर आवरायला येरवड्याला गेले होते. दुपारची वेळ, उकाडा. चौकटींवर धूळ होती. काही काचांच्या आत कसर शिरून कागद कुरतडला होता. आई आतल्या खोलीत पडली होती. मी काचा पुसत असल्याचं तिनं आवाजावरून ओळखलं असावं. म्हणाली, मला बाहेर बसव. मी तिला हात धरून बाहेर आणलं आणि अप्पांच्या खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत त्या भिंतीसमोर ती कधी बसली नव्हती. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"काय आहे त्याच्यावर?" तिनं विचारलं.

माझ्या हातात झोपाळ्यावरच्या दोघांचं चित्र होतं. मी सांगितलं. मुलीनं जांभळं लुगडं नेसलंय, मुलगा झोका देतोय, मागे शेवग्याचं झाड. मुलीचा गाल कसरीनं खाल्ला होता, ते मी सांगितलं नाही. आई म्हणाली, पुढचं. मी पुढचं सांगितलं. कौलावरची मांजर, फुलबाज्यांची दुकानदारीण, आजोबांच्या टोपीतून उडालेला बाण. ती मध्येच एखादी गोष्ट विचारायची, लुगड्याचे काठ कसे आहेत, झाडाला शेंगा आहेत का. दुपार कलली. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. घसा कोरडा पडला. शेवटची चौकट झाली तेव्हा मी थांबले.

आईनं तोंड माझ्याकडे नाही, भिंतीकडे वळवलं.

"यातली अवीच्या हातची, त्यानं आणलेली, कुठली?"

मी भिंतीकडे पाहिलं. सगळ्यांना तीच काळी पट्टी, तीच काच. रद्दीच्या ढिगातून काढलेली आणि नंतर शोधून आणलेली, अप्पांनी त्यांत काही फरक ठेवला नव्हता. दोन-तीन चौकटी मी उतरवून उलट्या करून पाहिल्या. मागे हार्डबोर्ड होता, नुसता. रद्दीच्या दुकानात अप्पांच्या शेजारी मी उभी होते खरी, पण त्या दिवशी मी चित्रं पाहिलीच नव्हती, त्यांचे हात पाहिले होते.

"मला नाही सांगता येत, आई," मी म्हटलं. "अप्पांना माहीत होतं."

तिनं मान हलवली. खुर्चीच्या हातावरून तिची बोटं सावकाश पुढे-मागे फिरत होती.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं घरातच तर होते."